स्तनातली साधी गाठ: काढायची की राहू द्यायची?

मुक्ता_कोथरूड
नमस्कार. विषय जरा खाजगी आहे. पण घरात काढला की सगळे एकदम कुजबुजायला लागतात, म्हणून इथे विचारते.

वय २७. उजव्या बाजूला, वरच्या बाहेरच्या भागात गाठ लागली. दुखत नाही, बोटाखालून सटकते. सर्जनना दाखवलं, सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये 'फायब्रोअडेनोमा असावा' (म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ), आकार १.८ बाय १.१ सेंटिमीटर, आणि खाली 'बायरॅड्स ३' असं लिहिलंय. सर्जन म्हणाले काही करायला नको, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करू, मनाची खात्री हवी असेल तर बायोप्सी करून घ्या.

आता घरचं. आई म्हणते काढून टाक, लग्न ठरायच्या आत विषय संपव. मावशी म्हणते सुई अजिबात लावू देऊ नकोस, सुई लागली की गाठ चिघळते. बाबा काहीच म्हणत नाहीत, फक्त रोज सकाळी पेपरच्या मागून 'बरं आहे ना?' विचारतात.

अशी गाठ कुणी न काढता ठेवली आहे का? गरोदरपणात, बाळाला पाजताना काही त्रास झाला का? आणि या 'बायरॅड्स ३'ला किती घाबरायचं?

खमंग_थालीपीठ
माझ्या दोन आहेत. कॉलेजात असताना सापडल्या, आता मुलगी कॉलेजात जाते. गरोदरपणात त्यातली एक फुगली होती, नंतर उतरली. मुलीला सव्वा वर्ष पाजलं, काही अडलं नाही.

बंड्या_०७
सर्जन म्हणाले 'काही करायला नको'?? आधी जाऊन त्यांच्या पाया पडा. (टाकेवाले साहेब, तुम्हीही सर्जनच, दिवे घ्या.)

टाकेवाला
घेतले दिवे.

मुक्ता, तुमच्या सर्जननी बरोबर सांगितलंय. गाठ कुठलीही असो, आम्ही तीन गोष्टी जुळवून बघतो: हाताला काय लागतं, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीत काय दिसतं, आणि लागलं तर सुईने काढलेल्या तुकड्यात काय निघतं. याला ट्रिपल असेसमेंट म्हणतात. तिन्ही उत्तरं एक आली तर निवांत राहायचं. त्यातलं एक जरी वेगळं आलं तरी विषय सोडायचा नाही.

बायरॅड्स ही रेडिऑलॉजिस्ट लोकांची ठरलेली श्रेणी आहे. ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फोटो लागतील. १ म्हणजे काही नाही. २ म्हणजे आहे, पण नक्की साधं. ३ म्हणजे बहुधा साधं, कॅन्सर निघायची शक्यता २ टक्क्यांच्या आत. ४ आला की बायोप्सी करायचीच. ५ म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर संशय. आणि ६ म्हणजे निदान आधीच झालेलं आहे. याचा स्टेजशी काही संबंध नाही. मागे एक जोडपं आलं होतं, नवऱ्याने रिपोर्ट वाचून 'स्टेज ३' असं सासरी-माहेरी सगळीकडे कळवून टाकलं होतं. बाईंची गाठ तुमच्यासारखीच होती, आणि दवाखान्याबाहेर तेरा नातेवाईक.

मॅमोग्राफी का नाही केली, असं कुणीतरी विचारेलच. तिशीच्या आत ग्रंथी दाट असतात, मॅमोग्राफीत त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. त्या वयात सोनोग्राफीत जास्त कळतं. चाळिशीनंतर नवीन गाठ लागली तर मात्र दोन्ही हवंच.

काढायची कधी? तीनेक सेंटिमीटरच्या वर गेली, भराभर वाढली, बायोप्सीत शंका आली, किंवा पेशंटच्या डोक्यातून ती जातच नसेल तर. हे शेवटचं कारणही खरं कारण आहे, मी ते हसण्यावारी नेत नाही. पण काढली की व्रण राहतो, एखादी दुधाची नलिका कापली जाऊ शकते, आणि एक काढली म्हणून दुसरी होणार नाही असं नसतं. रजोनिवृत्तीनंतर बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात.

नलूमावशी_सांगली
डॉक्टर, मला हे पटत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला एका दवाखान्यात असंच सांगितलं, 'काही नाही, चरबीची गाठ आहे'. वय ४६. वर्षभर ती निर्धास्त. नंतर काखेत गाठ आली तेव्हा कळलं काय आहे ते. आज ती बरी आहे, पण केमोचे ते महिने आम्ही बघितलेत. गाठ म्हटली की काढायची, हे माझं मत. सहा महिने थांबायचं कशाला?

टाकेवाला
मावशी, बहिणीची सोनोग्राफी, मॅमोग्राफी काय केली होती तेव्हा?

नलूमावशी_सांगली
काहीच नाही. हाताने दाबून बघितलं आणि गोळ्या दिल्या.

टाकेवाला
मग तिथेच चुकलं. ४६व्या वर्षी नवीन गाठ, आणि फक्त हाताने बघून 'चरबीची'? चाळिशी उलटलेल्या बाईला मॅमोग्राफीशिवाय घरी पाठवणं चूकच, तुमचा राग रास्त आहे. पण मुक्ताची गाठ बघितलेली आहे, मोजलेली आहे, आणि परत बघायची तारीखही ठरलेली आहे. तुमच्या बहिणीला ती तारीखच कुणी दिली नव्हती.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजीत आहे. मुक्ताच्या मावशींसाठी लिहिते. सुई लावल्याने साधी गाठ चिघळत नाही, पसरत नाही. तिच्यात पसरण्यासारखं काही नसतंच. आणि गाठ कॅन्सरची असली तरी आधी सुईची बायोप्सी करूनच उपचार ठरवतात, जगभर हीच पद्धत आहे. सुई लावली आणि 'नंतर वाढलं' असं लोकांना वाटतं, कारण सुई लावल्यावरच निदान कळतं.

आणखी एक. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी बारीक सुईने पेशी ओढून घेतात, एफएनएसी. स्वस्त आहे, पटकन होते. पण त्यात सुट्या पेशी येतात, त्यांची मांडणी दिसत नाही. फायब्रोअडेनोमा आणि फायलॉइड्स या दोन गाठी सुट्या पेशींवरून वेगळ्या ओळखणं कठीण जातं. फायलॉइड्स वाढते झपाट्याने, आणि काढताना भोवतालचा थोडा भाग घेऊन काढावी लागते, नाहीतर तिथेच परत येते. म्हणून करायचीच असेल तर जाड सुईची बायोप्सी करा, ट्रू-कट म्हणतात ती. त्यात अख्खा तुकडा मिळतो. (मोठ्या फायलॉइड्सच्या एका कोपऱ्यातला तुकडा कधीकधी तोही चकवतो. वाढत असेल तर रिपोर्ट काही म्हणो, काढा.)

रिपोर्ट हातात आला की 'अटिपिया' (पेशींचं रूप नेहमीसारखं नसणं) हा शब्द शोधा. 'अडेनोसिस', 'फायब्रोसिस्टिक', 'अपोक्राइन' असले शब्द भरपूर असतील, त्यांना घाबरू नका. 'अटिपिकल हायपरप्लेशिया' लिहिलं असेल तर तो कॅन्सर नव्हे, पण पुढे व्हायची जोखीम साधारण चौपट धरतात. त्या बाईने फाइल कपाटात टाकून विसरायचं नाही.

आयुर्मंत्र
कांचनार गुग्गुळ तीन महिने घ्या. ग्रंथीवर आमच्याकडे हेच देतात. माझ्या वहिनीची गाठ पूर्ण विरघळली. होमिओपॅथीतही चांगली औषधं आहेत. कापाकापीची गरज नाही.

बंड्या_०७
कापाकापी करा असं इथे अजून कुणीच म्हटलेलं नाही. म्हणजे नलूमावशी सोडून.

नलूमावशी_सांगली
मी अजून म्हणतेच आहे.

स्लाइडवाली
आयुर्मंत्र, वहिनींच्या गाठीची आधीची आणि नंतरची सोनोग्राफी आहे का? विचारते, कारण फायब्रोअडेनोमा काही जणींत औषधाशिवायही लहान होतात, आणि पाण्याची गाठ असेल तर ती एका पाळीतून दुसऱ्या पाळीपर्यंत येते आणि जाते. त्या काळात जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते गुग्गुळ असो, साबुदाण्याच्या गोळ्या असोत की नवस. घ्यायचं असेल तर घ्या, पण निदान झाल्यावर. आणि पुढची सोनोग्राफी चुकवू नका.

अनुस्वार
थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. मला गाठ-बीठ नाही, पण पाळीच्या आधी आठवडाभर दोन्ही बाजूंना इतकं ठणकतं की लोकलमध्ये गर्दीत हाताची घडी घालून उभी राहते. सोनोग्राफीत 'फायब्रोसिस्टिक बदल' आणि दोन-तीन बारीक सिस्ट, म्हणजे पाण्याच्या गाठी. गायनॅक मॅडमनी इव्हिनिंग प्रिमरोझ तेलाच्या कॅप्सूल दिल्यात. महाग आहेत. उपयोग होतो का कुणाला?

चिमूटभर_हिंग
मी वर्षभर खाल्ल्या. पैसे तेवढे हलके झाले.

गोळीबंद
मी फार्मसीत असते. ही कॅप्सूल आपल्याकडे अजून जोरात चालते, पण इंग्लंडमध्ये स्तनदुखीसाठी तिला असलेला परवाना २००२ साली काढून घेतला गेला, कारण चाचण्यांत ती नुसत्या तेलापेक्षा सरस ठरली नाही. अपाय फारसा नाही, उपयोगही फारसा नाही.

आधी साधे उपाय करून बघा. नीट मापाची, आधार देणारी ब्रा, धावताना-व्यायाम करताना तर हवीच. दुखऱ्या जागी डायक्लोफेनॅकचा जेल लावायचा, तो बऱ्यापैकी काम करतो. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोन चालू असतील तर ते डॉक्टरांना सांगायचं. कॉफी-चहा सोडा असं सगळे सांगतात, त्याला पुरावा कच्चा आहे, पण सोडून बरं वाटत असेल तर सोडा.

त्याने भागलं नाही तर आपल्या देशातलंच एक औषध आहे, ऑर्मेलॉक्सिफिन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेलं. 'सहेली' म्हणून दुकानात मिळणारी गर्भनिरोधक गोळी, सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाने फुकट देतात, तीच. ठणक्यासाठी आणि काही डॉक्टर फायब्रोअडेनोमासाठीही देतात. पण पाळी लांबते, काही जणींना बीजकोशात सिस्ट होतात, आणि बाळ हवं असेल तर अर्थातच चालत नाही. स्वतःच्या मनाने आणून खायची गोष्ट नाही ही. आमच्या काउंटरवर येऊन 'शेजारणीला दिली होती ती द्या' म्हणणाऱ्या रोज भेटतात म्हणून लिहिलं.

अनुस्वार
धन्यवाद! ब्राच्या मापाबद्दल बोललीस ते बरं झालं. दुकानात गेलं की काउंटरमागचे काका लांबूनच बघून '३४ ना?' म्हणतात. मी गेली कित्येक वर्षं ३४ आहे कारण काका म्हणतात म्हणून.

खमंग_थालीपीठ
हाहाहा, आमच्याकडे पण तेच काका आहेत. टेप घेऊन घरीच माप घे बाई.

टाकेवाला
अनुस्वार, सिस्ट ३५ ते ५० या वयात फार कॉमन आहेत. आत पाणीच असेल, भिंत पातळ असेल, तर काही करायचं नाही. मोठी होऊन दुखायला लागली तर सुईने पाणी काढतो, पिवळट किंवा हिरवट निघतं आणि गाठ जागच्या जागी बसते. पाणी लालसर निघालं किंवा आत काही घट्ट भाग दिसला तर तपासायला पाठवायचं. पाळीबरोबर येणारं-जाणारं दोन्हीकडचं दुखणं कॅन्सरचं असणं दुर्मिळ. एकाच ठिकाणी, महिनाभर सारखं दुखत असेल तर दाखवा. बऱ्याचदा ते बरगडीच्या कूर्चेचं निघतं, स्तनाचं नाही.

भाऊसाहेब_नगर
पुरुषाने विचारलं तर चालेल का? माझा पुतण्या, वय १४. एका बाजूला बोंडीखाली चकतीसारखं कडक लागतं, हात लागला की दुखतं. पोरगं पोहायला जायचं बंद झालंय, घरातही शर्ट काढत नाही. वहिनी घाबरल्यात.

टाकेवाला
चालेल की. याला गायनेकोमास्टिया म्हणतात, मुलग्यांत-पुरुषांत स्तनाची ग्रंथी वाढणं. त्या वयात निम्म्याहून जास्त मुलांना थोडाफार होतो, हार्मोनचा तोल अजून बसलेला नसतो. बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत जातो. एकदा डॉक्टरांना दाखवा, अंडकोषही तपासून घ्या, आणि पोराला सांगा की वर्गातल्या निम्म्या मुलांना हेच झालंय आणि सगळे गप्प बसलेत. मोठ्या पुरुषांत झालं तर आधी औषधांची यादी बघायची: स्पायरोनोलॅक्टोन, केसांसाठीची फिनास्टेराइड, जिममधली इंजेक्शनं. दारू आणि लिव्हर हेही कारण असतं. साठीच्या पुरुषाला एका बाजूला कडक, न हलणारी गाठ आली तर मात्र लाजत बसू नये. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो.

बंड्या_०७
जिममधली इंजेक्शनं!! आमच्या ट्रेनरला ही लिंक पाठवतोय.

पाऊलवाट
बोंडीतून स्राव येणं कुणी लिहिलं नाही अजून. मला दोन्हीकडून दूध यायला लागलं, आणि माझा धाकटा आठ वर्षांचा! घरात नुसता गोंधळ. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह, मेंदूच्या एमआरआयपर्यंत गोष्ट गेली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पर्स रिकामी करायला लावली. ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं निघाली, त्यात लेव्होसल्पिराइड. रोज घेत होते, कितीतरी महिने. बंद केल्यावर काही आठवड्यांत थांबलं.

गोळीबंद
+१. डॉमपेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड, दोन्हीने प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढतं. आणि आपल्याकडे ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलांत हे जोडूनच येतं, घेणाऱ्याला पत्ताही नसतो. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. मानसिक आजाराच्या काही औषधांनी, थायरॉइड कमी असल्यानेही होतं. (मानसिक आजाराची गोळी कुणी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

स्लाइडवाली
स्रावाचं थोडक्यात: दोन्हीकडून, बऱ्याच छिद्रांतून, दाबल्यावरच येणारा, दुधाळ किंवा हिरवट-काळपट असेल तर बहुतेक वेळा साधं कारण निघतं. एकाच बाजूने, एकाच छिद्रातून, आपोआप येणारा, रक्ताचा किंवा पाण्यासारखा स्वच्छ असेल तर तपासणी लगेच. तिथेही पुष्कळदा नलिकेतला पॅपिलोमा (मशासारखी वाढ) निघतो, तो साधाच असतो, पण बघितल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. आणि रोज दाबून 'येतंय का अजून' बघू नका, दाबत राहिलं की येत राहतं.

नाशिकची_सून
पाजणाऱ्या आयांसाठी माझा अनुभव. बाळ दीड महिन्याचं असताना एका बाजूला लाल, गरम, ताप १०२. सासूबाईंच्या मते दूध साचलंय: गरम शेक, एरंडाचं पान, आणि शेजारच्या मालीशवाल्या बाईंकडून जोर लावून रगडणं. रगडल्यावर मी अक्षरशः ओरडले. दोन दिवसांत गळू झालं.

सर्जननी सोनोग्राफीवर बघत सुईने पू काढला. एकदा केलं, मग परत करावं लागलं. चीर द्यावी लागली नाही. अँटिबायोटिक दिली, आणि पाजणं बंद करू नका म्हणून दोनदा बजावलं.

टाकेवाला
अगदी योग्य झालं. पूर्वी आम्ही सरळ चीर द्यायचो आणि रोज ड्रेसिंगला बोलवायचो. आता त्वचा चांगली असेल तर सुईच आधी. रगडण्याबद्दल: स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ साली सल्ला बदललाय. जोराचं मालीश नको, 'रिकामं करायचं' म्हणून पंप लावून बसायचं नाही, बाळ जेवढं पितं तेवढंच, आणि सूज उतरायला थंड शेक. अजून पुष्कळ ठिकाणी जुनाच सल्ला चालू आहे.

जुनी_वही
सगळंच आजीबाईंचं वाईट नसतं हं. कोबीचं थंड पान ठेवायला माझ्या आजीने सांगितलं होतं, बरं वाटायचं.

टाकेवाला
कोबीला माझा विरोध नाही. थंड आहे ना, झालं.

गोदाकाठ
मी बरेच दिवस वाचते इथे, लिहिते पहिल्यांदा. माझं निदान कुणाच्या यादीत नसतं म्हणून लिहिते: ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, स्तनाची एक चिवट सूज.

मुलगा तीन वर्षांचा. डाव्या बाजूला मोठी, कडक, दुखरी गाठ. मग त्वचा लाल, मग फुटून पाणी यायला लागलं. आमच्या गावच्या डॉक्टरांनी पू म्हणून चीर दिली, ती जखम भरेना. दुसऱ्या गावी 'टीबी असणार' म्हणून कुठलीही तपासणी न करता सहा महिन्यांची औषधं सुरू. त्याने लघवी केशरी झाली, गाठ तशीच. तिसऱ्या ठिकाणी माझ्यासमोरच नवऱ्याला बाहेर बोलावून 'कॅन्सरची तयारी ठेवा' सांगितलं. मी आतूनच ऐकलं, दार लाकडी फळ्यांचं होतं.

मग संभाजीनगरला एका मॅडमनी आधी जाड सुईची बायोप्सी केली, टीबीसाठी तुकडा वेगळा पाठवला, कल्चर वेगळं पाठवलं. टीबी नाही, कॅन्सर नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या, हळूहळू कमी करत. मध्ये एकदा उलटलं, तेव्हा मेथोट्रेक्सेट. वर्ष-सव्वा वर्ष गेलं यात. आता व्रण आहेत, एक बाजू जरा आत ओढलेली आहे, पण बरी आहे. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, 'हा आजार लांबतो, पण मारत नाही. चिरू नका म्हणून कुणी सांगितलं तर त्यांचं ऐका.' तेवढ्या वाक्यावर मी ते वर्ष काढलं.

खमंग_थालीपीठ
गोदाकाठ, घट्ट मिठी. लिहिलंस ते फार बरं केलंस.

स्लाइडवाली
हे निदान आपल्याकडे अजिबात दुर्मिळ नाही, दुर्लक्षित आहे. साधारण मूल झाल्यानंतरच्या काही वर्षांत दिसतं. हाताला आणि सोनोग्राफीत हुबेहूब कॅन्सरसारखं वाटू शकतं, आणि स्लाइडवर टीबीसारखे ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचे पुंजके) दिसतात. आपल्या देशात टीबी आधी वगळायलाच हवा, कारण स्तनाचा टीबी खरंच होतो, आणि टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर घात. पण वगळणं म्हणजे तपासणं. सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी), कल्चर करून मग औषधं. तुकडा सगळाच फॉर्मॅलिनमध्ये बुडवला तर त्यावर कल्चर होत नाही, म्हणून एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा ठेवायला सांगा. ही एक गोष्ट पेशंटच्या नातेवाइकाला माहीत असली तर सगळी तपासणी पुन्हा करायची वेळ येत नाही.

कॅनलकाठचा
इंग्लंडमधल्या लीड्सहून. बायकोला अशीच गाठ होती, वय २४. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, ब्रेस्ट क्लिनिकला पाठवलं. एकाच सकाळी सर्जन, सोनोग्राफी, सगळं. वय २५च्या आत आणि सोनोग्राफीत ठराविक चित्र, म्हणून बायोप्सीसुद्धा नाही. 'फायब्रोअडेनोमा आहे, वाढली तर या' म्हणून पत्र दिलं आणि नाव काढून टाकलं. फॉलो-अप शून्य. बायको आठवडाभर म्हणत होती, 'हे लोक पैसे वाचवतायत.'

नलूमावशी_सांगली
मला वाटतं तिचं बरोबर आहे.

रोजनिशी
मला एक शंका. हे सगळं वाचून दर महिन्याला स्वतः तपासायचं ना? व्हॉट्सॲपवर तर गोल-गोल बोटं फिरवायचे व्हिडिओ रोज येतात.

टाकेवाला
यावर आमच्यातही वाद आहेत. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार बायकांवर मोठी चाचणी झाली, निकाल २००२ साली आले. ज्यांना स्वतः तपासायला शिकवलं त्यांच्यात मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून ठराविक पद्धतीने, कॅलेंडर लावून तपासण्याचा आग्रह आता बरेच जण धरत नाहीत. आपलं शरीर ओळखीचं असावं आणि बदल दिसला तर दाखवावं, इतकंच.

आपल्या मुंबईतली गोष्ट वेगळी आणि जास्त कामाची. टाटा मेमोरियलने १९९८पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या, मशीन नाही. निकाल २०२१ साली आला: गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. गावात मॅमोग्राफी नाही म्हणून हातावर हात धरून बसायचं कारण नाही.

मुक्ता_कोथरूड
इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, गोदाकाठ तुझे विशेष.

बायोप्सी करून आले. सहा महिने थांबणं जमलं असतं, पण बाबांचं ते 'बरं आहे ना' सहन होईना. ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी लिहिते. खोलीत 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' असा मोठा बोर्ड, त्याखाली मी एक हात डोक्यामागे घेऊन आडवी. जेल गार. भूल देण्याचं इंजेक्शन चुरचुरतं, तेवढंच दुखलं. नंतर रेडिऑलॉजिस्ट बाई म्हणाल्या, 'खट् आवाज येईल, दचकायचं नाही', आणि मी दरवेळी दचकले. बाटलीतले तुकडे दाखवले, पांढऱ्या शेवयांसारखे, तळाला गेलेले. बाई म्हणाल्या, 'बुडले म्हणजे गाठीतलेच आलेत, चरबी असती तर तरंगली असती.' मग सिस्टरांनी गॉज धरून बराच वेळ नुसतं दाबून ठेवलं आणि तोवर त्यांच्या मुलीच्या दहावीचं सगळं सांगितलं. आठवडाभर निळं-जांभळं होतं, आता गेलं.

रिपोर्ट: फायब्रोअडेनोमा, अटिपिया नाही. काढत नाहीये.

आई आता नवीन मुद्द्यावर आलीय: स्थळांना सांगायचं की नाही?

जुनी_वही
मुळीच नको. लोक 'गाठ' एवढंच ऐकतात, पुढचं ऐकत नाहीत. माझ्या नणंदेचं याच कारणावरून मोडलं होतं.

अनुस्वार
ज्यांना एवढं ऐकून पळायचंय ते लग्नाआधीच पळालेले बरे नाहीत का? मुलाला सांगावं. त्याच्या आत्या-काकूंना नाही.

बंड्या_०७
मी मुलाकडचा म्हणून सांगतो, माझ्या पत्रिकेत कुठे लिहिलं होतं की मला मूळव्याध आहे?

खमंग_थालीपीठ
बंड्या!!! आम्ही जेवत होतो.

मुक्ता_कोथरूड
:-D ज्याच्याशी ठरेल त्याला मी स्वतः सांगणार, आईला तेवढं कबूल झालंय. एक शेवटचा प्रश्न टाकेवाले सरांना. आता बायोप्सी झाली, तरी सहा महिन्यांची सोनोग्राफी करायचीच का? आणि पुढच्या वेळी १.८चं २ सेंटिमीटर झालं तर?

टाकेवाला
लीड्सवाले म्हणतील नको. मी एकदा सहा महिन्यांनी आणि एकदा वर्षाने करून घेतो, मग सोडतो. सोनोग्राफीत मापणाऱ्याचा हात बदलला की दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे होतात, त्यामुळे १.८चं २ झालं तर ती वाढ धरत नाही. सहा महिन्यांत लांबी-रुंदी २० टक्क्यांहून जास्त वाढली तर परत बसून बोलू. शक्यतो त्याच सेंटरला जा आणि जुने फोटो बरोबर न्या. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, आणि व्हॉट्सॲपवर काढलेला त्या कागदाचा तिरका फोटो तर अजिबातच नाही.

नलूमावशी_सांगली
वर्षाने सोनोग्राफी केलीस की इथे लिही ग. मी तोवर काढ म्हणणार नाही. पुढचं पुढे बघू.